मान वळवून बसलेली मावशी

माझी मावशी तुम्ही पाहिली असणारच. नाव माहीत नसेल, पण मान नक्की माहीत असेल. मोठ्या बँकेत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर निळ्या पोशाखातली एक बाई पाठमोरी बसलेली आहे, आणि डाव्या खांद्यावरून मागे वळून अशी बघते आहे की तुम्ही रांगेत मध्येच घुसलात हे फक्त तिला कळलंय. ती माझी मावशी. नाट्यगृहाच्या जिन्यावरची पिवळ्या शालीतली बाई, तीही तीच. दातांच्या डॉक्टरकडे जिथे आपण जीव मुठीत धरून बसतो त्या खोलीत एक छापील चित्र आहे. त्यातली बाई अर्धी चौकोनांची आणि अर्धी त्रिकोणांची आहे, आणि आई छातीठोकपणे सांगते की तीसुद्धा मावशीच. मान बघ, आई म्हणते. चौकोन झाले म्हणून काय झालं, मान वळलेलीच आहे.

आता ही एवढी चित्रं का, तर माझ्या आजोबांचा रंगांचा कारखाना होता. दारं-खिडक्यांना लावायच्या रंगाचे डबे आणि चित्रकारांसाठी ट्यूबा, दोन्ही. आईने एका चष्म्याच्या दुकानदाराशी (म्हणजे माझ्या बाबांशी) लग्न केलं आणि आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्यामुळे ते गेल्यावर कारखाना, घर, गाडी, झुंबरं, सगळं एकट्या मावशीकडे आलं. मावशीने आईला अर्धं देऊ केलं होतं, आई नको म्हणाली, त्यावरून दोघी अजून अधूनमधून भांडतात आणि भांडून झाल्यावर एकमेकींच्या केसांत तेल घालतात. मावशीने पुढे कारखाना विकला, पण विकताना एक अट घातली की नव्या मालकांनी दर महिन्याला ट्यूबांचं एक खोकं तिच्या घरी पोचवायचं. का, तर चित्रकार घरी येतात. मावशी तरुण असताना तिच्या दिवाणखान्यात एकाच वेळी चार-चार चित्रकार असायचे म्हणे. एक तिला खिडकीत बसवायचा, दुसरा म्हणायचा खिडकीत नको, जिन्यात. एकाने तिच्यासाठी बायको सोडली, मग मावशी नाही म्हणाली तेव्हा तो बायकोकडे परत गेला, आणि बायकोने त्याला घरात घेतलं पण मावशीचं चित्र बाहेरच ठेवायला लावलं. वर्तमानपत्रवाले तिला ‘चित्रकारांची प्रेरणा’ म्हणायचे. आई म्हणते, ते यायचे रंगांसाठी, रंगांबरोबर प्रेरणा फुकट मिळायची. आई हे हसत म्हणते. पण मावशीसमोर कधीच म्हणत नाही, यावरून काय ते ओळखा.

मी सांगते आहे तेव्हा या सगळ्यांतला एकच चित्रकार उरला होता. काही वारले, काही परदेशी गेले, काही एवढे मोठे झाले की त्यांना आता माणसं काढायची नव्हती, नुसते ठिपके काढायचे होते. उरले ते चित्रकारकाका. उंच, वाकलेले, कोपरांवर रंग. ते दर शनिवारी दुपारी यायचे आणि मावशीची मान काढायचे. किती वर्षं, ते त्या दोघांनाही नीट सांगता यायचं नाही.

मी यात कशी आले? गेल्या वर्षापर्यंत मी शाळेत प्रश्नाचं उत्तर मान हलवून द्यायचे. मग बाईंनी जबरदस्तीने वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, माझ्या भाषणात माईक बंद पडला, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तशीच बोलत राहिले, शेवटच्या रांगेपर्यंत. पहिलं बक्षीस. तेव्हापासून घरात माझं नाव भोंगा. आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला की त्या भोंग्याला शनिवारी माझ्याकडे पाठव, मला वाचून दाखवायला माणूस हवं आहे.

कारण मावशीला चित्रासाठी बसताना बोलता यायचं नाही. ओठ हलला की गाल हलतो, गाल हलला की मान हलते, आणि मान हलली की काका ब्रश खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे. म्हणून तिच्यासाठी कुणीतरी वर्तमानपत्र वाचायचं अशी पद्धत पडली होती. माझ्याआधी एक निवृत्त कारकून वाचायचे, पण ते हवामानापर्यंत पोचले की झोपायचे.

खोली वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीची. उत्तरेची का, तर तिकडून ऊन थेट आत येत नाही आणि उजेड दुपारभर एकसारखा राहतो. हे काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी सोमवारी वर्गात अशा थाटात सांगितलं की जणू ती खिडकी मीच बसवली. टर्पेंटाइनचा वास असा की पहिला अर्धा तास डोळ्यांतून पाणी. जमिनीवर खुर्चीच्या पायांभोवती आणि मावशीच्या पावलांभोवती खडूच्या खुणा, म्हणजे पुढच्या शनिवारी पाऊल बोटभरही सरकायला नको. नजर कुठे ठेवायची त्यासाठी काकांच्या मागच्या भिंतीवर एक काळी फुली होती. माझं उंच स्टूल त्या फुलीसमोर ठेवलं गेलं. म्हणजे ज्या नजरेवर लोकांनी कविता केल्या ती नजर आता माझ्या कपाळावर होती. सुरुवातीला मला सारखं वाटायचं की कपाळावर काहीतरी लागलंय.

मी सगळं वाचायचे. बातम्या, अग्रलेख, हरवलेल्या मांजरांच्या जाहिराती. मांजरांच्या जाहिरातींना मावशीचा डावा गाल थरथरायचा आणि काका “अं” करायचे. तेवढाच आवाज. बाकी दोघं एकमेकांशी काहीच बोलत नसत. आले की ते “या बाईसाहेब” म्हणायचे, जसं काही घर त्यांचं आहे, आणि जाताना मावशी नव्या ट्यूबा त्यांच्या पिशवीत घालून “जपून जा” म्हणायची. संपलं.

आणि मग मावशी उठायची. ते बघवत नसे. मान तशीच वळलेली राहायची आणि ती सावकाश अख्खीच्या अख्खी फिरायची, दोन माणसं कपाट सरकवतात ना, तशी. बाकीचे दिवस ती गळ्याभोवती पट्टा बांधायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की हे बसणं बंद करा, नाहीतर एक दिवस मान तिकडेच राहील.

आईने तर तिच्या मागे टुमणंच लावलं होतं. ताई, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस, आमच्याकडे ये. दादा नोकरीसाठी गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी होती. ती भाड्याने मिळेल का म्हणून शाळेतल्या संगीताच्या बाईंनी विचारलंही होतं, पण आईने त्यांना महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवलं होतं. मावशी दोनदा येऊन खोली बघून गेली. तिसऱ्यांदा पलंगाचं माप घेऊन आली. मला कळेना की माप घेणारं माणूस हो का म्हणत नाही.

ते मला तिने एका शनिवारी जिन्यात सांगितलं, पट्टा बांधता बांधता.

“अगं, मी उद्या येते. पण त्यांचं काय? मी उठले तर तो माणूस करेल काय? त्यांना दुसरं काही काढताच येत नाही.”

मी म्हटलं, तू त्यांना विचार ना. तर तिने माझ्याकडे असं बघितलं (मान न वळवता, सगळी फिरून) की जणू मी त्यांना विष द्यायला सांगितलंय. म्हणाली, मला खरं सांगायचं तर केव्हाचा वीट आलाय, पण एखाद्याच्या तोंडचा घास असा काढून घेतात का?

आता पुढचं ऐका. त्याच्या पुढच्याच शनिवारी मावशी खाली गेली होती, मी कागद आवरत होते आणि काका ब्रश धूत होते. मी सहज विचारलं की काका, तुम्ही कधी दुसरं काही काढता का. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळातून, फडक्यात गुंडाळलेल्या, वहीएवढ्या तीन-चार फळ्या काढल्या. एकीवर बादली होती. एकीवर कुणाचे तरी बूट. एकीवर बटाट्यांचा ढीग, आणि तो ढीग इतका छान होता की त्यातला एक बटाटा खाली घरंगळेल असं वाटून मी हात पुढे केला. बादलीवर प्रकाश कसा पडतो ते सांगताना काकांचा चेहरा बदलला. मावशीला काढताना मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. एवढं म्हणून त्यांनी त्या फळ्या परत गुंडाळल्या.

“बाईसाहेबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना सगळ्या आठवड्यात हा एवढाच एक शनिवार आहे. मी यायचा थांबलो तर त्या खचतील.”

मी घरी चालत आले नाही, उड्या मारत आले. म्हणजे हिला तिच्यासाठी बसायचं नाही, ती त्यांच्यासाठी बसते. आणि त्यांना त्यांच्यासाठी काढायचं नाही, ते हिच्यासाठी काढतात. दोघांनाही नको आहे आणि दोघंही दुसऱ्याला हवं आहे म्हणून मान मोडून घेतायत, एक बसून, एक वाकून. आणि हे जगात फक्त मला माहीत. मला असं वाटलं की गणितातलं ते लांबलचक उदाहरण, ज्यात दोन्ही बाजू कापल्या जातात आणि शेवटी शून्य उरतं, ते मी एकटीने सोडवलं आहे.

आईला सांगितलं. मला वाटलं ती मला डोक्यावर घेईल. ती कणीक मळत होती, ती थांबलीच. म्हणाली, तू यात पडू नकोस, त्या दोघांनी इतकी वर्षं जे भरल्या भांड्यासारखं सांभाळलंय ते तू एका दुपारी सांडशील. मी म्हटलं, पण भांड्यात आहे काय, दोघांचा कंटाळाच ना? आई म्हणाली, तुला नाही कळायचं. मला या वाक्याची फार चीड आहे. आणि महिना संपत आला होता.

तर पुढच्या शनिवारी मी स्टुलावर बसले, वर्तमानपत्र उघडलं, आणि पहिल्या बातमीच्या जागी, त्याच आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगून टाकलं. की मावशीची मान दुखते आहे आणि तिला आमच्याकडे राहायला यायचं आहे, पण काकांना वाईट वाटेल म्हणून ती बसते आहे. आणि काकांना बादल्या आणि बटाटे काढायचे आहेत, पण मावशीला वाईट वाटेल म्हणून ते येतात. तरी दोघांनी आता थांबावं. धन्यवाद. (हे शेवटचं सवयीने तोंडातून गेलं.)

मावशीची मान वळलेलीच होती, पण नजर माझ्या कपाळावरून घसरून काकांवर गेली होती. काकांनी ब्रश फडक्याला पुसला. खूप वेळ पुसला.

मग काका म्हणाले, “असं आहे का.”

मावशी म्हणाली, “अहो, मग आधी बोलायचं ना.”

“तुम्हीही बोला ना मग.”

आणि दोघं हसली. अगदी सभ्यपणे, लग्नात ओळख करून दिल्यावर हसतात तशी. काकांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, चित्राची तिपाई मिटली. मावशी म्हणाली, सुटलो बाई एकदाचे. काका म्हणाले, सुटलोच. त्या दिवशी ट्यूबा द्यायच्या राहून गेल्या. मी जिना उतरताना मनातल्या मनात दुसरं बक्षीसही घेतलं.

संध्याकाळी फोन. मीच उचलला. मावशीने नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम विचारलं की त्यांना कधीपासून कंटाळा आला होता. मी म्हटलं, ते काही मला माहीत नाही, पण तुलाही आला होताच ना? तर ती म्हणाली, माझं वेगळं. वेगळं कसं, असं मी विचारलं, तर तिने फोन ठेवला.

सोमवारी शाळेतून बाबांच्या दुकानात गेले तर तिथे काका. आरशासमोर बसून एकामागून एक चष्म्याच्या काड्या कानावर चढवत होते. बाबांनी डोळ्यांनीच मला खुणावलं की तासभर झाला, नंबर तोच आहे, पण उठत नाहीत. मला बघितल्याबरोबर त्यांनी एक जाड काळी चौकट नाकावर तशीच ठेवून हळूच विचारलं की निळ्या पोशाखाच्या वेळी बाईसाहेब कंटाळलेल्या होत्या का. म्हणजे ते बँकेतलं, तेही काकांनीच काढलेलं. मी म्हटलं, काका, तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. त्यांना ते पटलं, पण बरं वाटलं नाही. म्हणाले, मला वाटलं होतं त्या माझ्याकडे बघत आहेत. त्या घड्याळाकडे बघत असतील.

माझं डोकं चक्रावून गेलं. मला कुणीतरी सांगा, ज्या माणसाला सुटका हवी असते त्याला ती मिळाली आणि देणाऱ्यालाही ती हवीच होती, तर यात रडण्यासारखं काय आहे? मी वहीच्या मागच्या पानावर बाण काढून बघितले. सगळे बाण बरोबर होते.

बुधवारी मावशीने मला बोलावलं. घरभर काकांनी काढलेली तिची जी चित्रं आहेत ती सगळी तिने दिवाणखान्यात काढून भिंतीला टेकवली होती. एकेका चित्रासमोर ती मला उभी करायची आणि विचारायची, नीट बघ, इथे ब्रश नुसता ओढल्यासारखा वाटतो का? इथे पोशाख नुसता भरून काढलाय का? हा कान बघ, हा कंटाळून काढलाय, आहे ना? मी म्हटलं, कान छान आहे. ती म्हणाली, तुला कानातलं काय कळतंय. दिवाणखान्यात वीस-पंचवीस मावश्या मान वळवून माझ्याकडे बघत होत्या आणि खरी मावशी पट्टा बांधून मधोमध उभी होती, आणि तिचा एकटीचाच चेहरा असा होता की तो कुणी काढला नसता.

मग तिने सांगितलं की ती आमच्याकडे येणार नाही.

आता आले तर काढून टाकलेलं सामान आल्यासारखं होईल, म्हणाली. मी स्वतःहून उठून यायचं ठरवलं होतं. मला उठवलं गेलं. आईला सांग, खोली देऊन टाक. मी म्हटलं, कुणी उठवलं नाही तुला, तूच वीट आलाय म्हणालीस. तिने एक निळी आणि एक हिरवी मावशी उलटी करून भिंतीकडे वळवली आणि खाली बघत म्हणाली, “तुझ्या आईला वाटतं ते रंगांसाठी यायचे. मला माहीत आहे ती काय म्हणते ते. इतकी वर्षं मी म्हणायचे की म्हणू दे. आता ते खरं की खोटं, मला कोण सांगणार?”

मी घरी येऊन आईला खोलीचं सांगितलं. आई मला ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने संगीताच्या बाईंना फोन करायला पाकिटातून त्यांचा नंबर काढून ठेवला. लावला मात्र नाही. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिली. आता एक गोष्ट मला स्वच्छ कळत होती, आणि बाकी काहीही कळत नव्हतं: महिना संपेपर्यंत जे काय व्हायचं ते झालं नाही, तर मावशी त्या घरात त्या पट्ट्यासकट एकटी राहणार, आणि ते माझ्यामुळे.

तेव्हा शनिवारी मी पुन्हा मावशीकडे गेले आणि तिला म्हटलं, चल, विचारू. ती “कुणाला?” असंसुद्धा म्हणाली नाही. चपला घातल्या.

काका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत राहतात. जिना लोखंडी आणि उभा आहे. मावशी एवढ्या वर्षांत तिथे कधी गेली नव्हती. काकांनी दार उघडलं, बनियनवर होते, त्यांनी दार परत लावलं आणि शर्ट घालून पुन्हा उघडलं. खोलीत सगळीकडे बादल्या, बूट, किटल्या, कांदे, एका भिंतीवर नुसता ओला रस्ता. मावशीचं एकही चित्र नाही. तिने ते पाहिलं. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“मला खरं सांगा. तुम्ही रंगांसाठी येत होतात का?”

मला वाटलं ते नाही म्हणतील. कुणीही नाही म्हणेल. काका म्हणाले, “हो.”

मावशीने कठडा धरतात तशी खुर्चीची पाठ धरली.

“पहिली दोन-तीन वर्षं,” काका म्हणाले. “ट्यूबा परवडत नव्हत्या.” मग त्यांनी पलंगाखाली वाकून एक खोकं ओढलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळ्यांत ट्यूबा, एकीचंही झाकण उघडलेलं नाही. मग जरा चाचरत म्हणाले की बाईसाहेब, राग मानू नका, पण तुमच्या वडिलांचा रंग चांगला नव्हता. पिवळा काळवंडतो. निळ्याला तडे जातात. बँकेतल्या चित्राला दोनदा डागडुजी केली मी, बँकवाल्यांना सांगून, गुपचूप. त्यानंतर सगळे रंग मी बाहेरून आणले. तुम्ही देत होतात, म्हणून घेत होतो.

मावशीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते मला आजही सांगता येत नाही. एकदा वाटलं ती त्यांच्या थोबाडीत देईल, कारण आजोबांच्या रंगाबद्दल आमच्याकडे आईसुद्धा असं बोलत नाही. एकदा वाटलं ती हसते आहे. दोन्ही एकदमच चाललं होतं, डाव्या गालावर एक आणि उजव्यावर एक.

“म्हणजे रंगासाठी नाही,” ती म्हणाली. “मग कशाला येत होतात?”

काकांनी खूप विचार केला. इतका, की खाली सायकलच्या चाकात हवा भरून झाली.

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “शनिवारी दुसरीकडे जायचं सुचायचंच नाही.”

मला हे उत्तर अगदी नापास वाटलं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते की काहीतरी चांगलं बोला, प्रेरणा वगैरे. पण मावशीने खुर्चीची पाठ सोडली आणि ती खुर्चीवर बसली, सरळ, त्यांच्याकडे तोंड करून.

“माझी मान दुखते,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पिवळ्या शालीपासून.”

पिवळी शाल म्हणजे नाट्यगृहातलं. आईच्या लग्नाच्याही आधीचं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, मला सांगायचं नाही का? मावशी म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. ते म्हणाले, थांबलोच असतो. ती म्हणाली, मग.

मी मध्ये पडले. म्हटलं, एक मिनिट, म्हणजे तुला थांबायला नको होतं? मग तुला वीट आला होता तो कशाचा? आणि काका, तुम्हाला जर बादल्याच काढायच्या होत्या तर तुम्ही का नाही थांबलात? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी परक्या भाषेत बोलले आणि मला उत्तर द्यायला त्यांना शब्द सापडत नाहीत, तसं. मग काकांनी पुन्हा मावशीकडे पाहिलं, डोकं जरा तिरकं करून, काम करताना बघतात तसं, आणि एकदम म्हणाले, “बाईसाहेब, तुमचा उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान आहे.”

“असणारच,” मावशी म्हणाली. “तुम्ही कधी इकडून आलातच नाहीत.”

जिना उतरताना तिने माझा खांदा धरला. अर्ध्यावर थांबली, आणि मला म्हणाली की तुझ्या आईला सांग, उद्या टेम्पो पाठव, पलंग मोठा आहे. मी विचारलं, म्हणजे आता उठवल्यासारखं वाटत नाही? ती म्हणाली, मला काय वाटतंय ते मला कळत नाहीये, पण मान दुखते आहे हे नक्की, आणि ते आता सगळ्यांना माहीत आहे.

तर मावशी आली. आईने फ्रिजवरचा नंबर काढून संगीताच्या बाईंना फोन केला आणि माफी मागितली. पलंग दारातून आत जाईना, बाबांनी पाय कापावे लागतील म्हटलं, मावशीने कापा म्हटलं. चित्रं तिने एकही आणली नाहीत.

आणि पुढच्या शनिवारी दुपारी दारावर टकटक. काका. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, हातात काहीच नाही, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आईने त्यांना बसवलं. मावशी वरून आली. पट्टा नव्हता. दोघं समोरासमोर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतकी वर्षं त्यांच्यात कुणीतरी तिसरं माणूस वाचत असायचं, कारण मावशीला ओठ हलवता यायचे नाहीत. आता हलवता येत होते आणि दोघांकडे एक वाक्य नव्हतं.

शेवटी काकांनी विचारलं की चहात साखर घेता का. मावशी म्हणाली, दोन चमचे. काकांनी मान डोलवली, जसं काही हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. मग मावशीने विचारलं, तुम्हाला भावंडं किती?

“तीन बहिणी,” काका म्हणाले.

“तीन?” मावशी म्हणाली, तिला कुणीतरी चक्क फसवलं असावं तसं. “तीन बहिणी आहेत तुम्हाला?”

“मधली वारली. तुम्ही हिरव्यात बसला होतात तेव्हा.”

मग खुर्ची जरा पुढे ओढल्याचा आवाज आला, तिची की त्यांची ते मला दारातून दिसलं नाही. आईने मागून माझ्या कानात विचारलं, म्हणजे आता हे दर शनिवारी येणार का गं?

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.